खवीस कोण?

उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना दोन्ही भाषांत नांदणारे शब्द हाताशी ठेवावे लागतात. हवा, जमीन, वकील, तारीख, मशाल असे शब्द फळ्यावर लिहिले की मुलांच्या मनातली मराठीची भीती निम्म्याने उतरते. अशा शब्दांची यादी वाढवण्यासाठी कोश चाळत असताना मी एकदा 'खवीस' या शब्दापाशी थबकले. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात त्याचा अर्थ दिला आहे : मुसलमानाचे भूत. पुढच्या मराठी कोशांनीही हा अर्थ तसाच चालवला.

शब्द मूळचा अरबी. 'खबीस' म्हणजे नापाक, दुष्ट. उर्दूत आपण तो शिवीसारखा वापरतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शौचालयात जाण्याआधीची जी दुआ आपल्या घरातले मूल चार-पाच वर्षांचे असतानाच पाठ करते, तिच्यात याच धातूचे शब्द आहेत. ज्या दुष्टपणापासून मुसलमानाचे पोर रोज अल्लाहची पनाह मागते, त्या दुष्टपणाचे नाव मराठीत त्याच पोराच्या भुताला मिळाले. शब्दांचा प्रवास कधीकधी असा विचित्र असतो. मला आधी वाईट वाटले. मग वाटले, राग नंतर करू, आधी बाकीची भुते कोण आहेत ते तरी पाहू.

पाहिले तेव्हा ध्यानात आले की कोकणातल्या भुतांना जात आहे, लिंग आहे, वय आहे आणि मरणाचे कारणही आहे. मुंज झाल्यावर आणि लग्नाआधी मेलेला ब्राह्मण मुलगा मुंज्या होतो आणि पिंपळावर राहतो. ब्रह्मसमंध हा ब्राह्मणाचा. बाळंतपणात दगावलेली बाई हडळ होते. उर्दूत तिलाच चुडैल म्हणतात आणि दोघींचेही पाय उलटे असतात. पाण्यात बुडून मेलेला गिऱ्हा होतो. रात्रीच्या वाटसरूची वाट चुकवतो तो चकवा. १९१५ साली आर. ई. एन्थोवेन यांनी कोकणच्या लोकसमजुतींवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातली माहिती ए. एम. टी. जॅक्सन या अधिकाऱ्याने जमवली होती, ज्याचा १९०९ साली नाशिकला खून झाला. त्या ग्रंथातही भुतांची अशी जातवार मांडणी आहे. तळटीपांत माहिती देणाऱ्यांचा उल्लेख जागोजाग 'अमुक गावचा शाळामास्तर' असा येतो. म्हणजे भुतांची ही शिरगणती करण्याचे काम आमच्याच पेशातल्या माणसांनी केले होते. सरकारी कामे मास्तरांच्या गळ्यात तेव्हापासूनच पडत आली आहेत म्हणायची.

ही यादी मी पुन:पुन्हा वाचली आणि तिचा मला लागलेला अर्थ असा. गावाने ज्यांचे देणे चुकवले नाही, त्यांची ही नोंदवही आहे. ज्या पोराचे आयुष्य सुरू होण्याआधीच संपले, ज्या बाईला बाळंतपणात वाचवता आले नाही, जो बुडाला आणि ज्याला बाहेर काढायला कोणी गेले नाही, त्यांना गाव विसरू शकत नव्हते. अपराधाची बोच होती, पण ती बोलून दाखवायची सोय नव्हती. मग तो माणूस पिंपळावर, विहिरीवर, पाणंदीत उभा राहिला. या हिशेबाने पाहिले तर खवीस दोन कारणांनी यादीत आला असावा. तो परका होता, म्हणून त्याची भीती होती. आणि तो गावातलाच होता, म्हणून त्याच्या मरणाची आठवणही होती. ज्याचा गावाशी काहीच संबंध नाही, त्याचे भूत गावाला कशाला दिसेल? एका अर्थी खवीस हा आपल्या रहिवासाचा दाखलाच म्हणायचा. फक्त तो जिवंतपणी मिळाला असता तर बरे झाले असते.

भुतांच्या या गावात आपण नुसते यादीतले नाव नव्हतो. त्या भीतीत आपलाही वाटा होता. माझी नानी मगरीबनंतर विहिरीवर जाऊ देत नसे, केस मोकळे सोडू देत नसे, चिंचेखालून जाताना आयतुल कुर्सी पढायला लावी. शेजारच्या हिंदू घरातली आजीही तेच सांगे, फक्त तिच्या तोंडी रामरक्षा असे. आमच्याकडे 'साया' आणि 'असर' म्हणत, त्यांच्याकडे 'बाहेरचे' आणि 'बाधा'. त्यांच्यातले लोक ताप उतरेना की दर्ग्यावर येत. आमच्यातले काही जण कोणाला कळू न देता भगताकडे जात. आजारपणाच्या अंधारात दोन्हीकडची माणसे एकमेकांचा दिवा उसना घेत होती. यात माणुसकी होती हे मी नाकारत नाही. पण त्या दिव्याने नेहमी वाट दिसलीच असे नाही.

एक फरक मात्र होता. भूत म्हणजे परत आलेला मेलेला माणूस. आपल्या दीनमध्ये मेलेला माणूस परत येत नाही. तो बरजखमध्ये असतो, कयामतपर्यंत. जिन्न ही वेगळी मखलूक आहे आणि तिचा उल्लेख कुरआनात आहे. बहात्तरावी सूरा तिच्याच नावाची आहे. म्हणून आपल्यातला शिकलेला माणूस मोठ्या ऐटीत सांगतो की भूत हा वहम आहे, जिन्न हा अकिदा आहे. वाक्य बरोबर आहे. पण हे वाक्य बोलून तो गप्प बसतो आणि त्या गप्प बसण्यात एक सबंध बाजार उभा राहतो.

हे मला शिकवले ते एका आठवीतल्या मुलीने. तिला फिट्स येत. वर्गात आली की बाक थडथडे, डोळे फिरत, दातखीळ बसे. घरच्यांनी तिला एका आमिलाकडे नेले. त्याने निदान केले की मुलीवर एक जिन्न आशिक झाला आहे. मग धुनी, तावीज, पाणी, जुमेरातची हाजिरी आणि दर हाजिरीला पैसे. तीन महिने मुलगी शाळेत नव्हती. मी घरी गेले, डॉक्टरचे नाव काढले, तेव्हा तिची आई शांतपणे म्हणाली, "टीचर, तुमचा जिन्नांवर अकिदा नाही का?"

मला उत्तर देता आले नाही. हो म्हणावे तर आमिलाची बाजू घेतल्यासारखे. नाही म्हणावे तर अकिद्याचा प्रश्न. मी चहा पिऊन परत आले. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

त्या घरात आणखी एक गोष्ट ऐकली. मुलीला स्वत:ला फिटनंतर काहीच आठवत नसे. पण मोहल्ल्यातल्या बायका एकमेकींना सांगत होत्या की पोरीला एक बाई दिसते, पांढऱ्या साडीतली, केस मोकळे सोडलेली. मला नवल वाटले. नानीच्या कहाण्यांतला एकही जिन्न पांढरी साडी नेसत नव्हता. आमच्या मोहल्ल्यात पांढरी साडी नेसून फिरणारे भूत आले कुठून?

ते पडद्यावरून आले. आणि इथे लोकप्रिय कलेची एक मोठी गंमत आहे. 'बीस साल बाद' (१९६२) किंवा 'वह कौन थी' (१९६४) यांत रात्री गाणे म्हणत फिरणारी ती गूढ बाई दिसते. पण दोन्ही चित्रपटांच्या शेवटी भूत नसतेच, माणसाचे कारस्थान असते. त्याआधी कमाल अमरोहींच्या 'महल'मध्येही (१९४९) हवेलीतली आत्मा शेवटी माळ्याची मुलगी निघते. त्या काळचा हिंदी चित्रपट भीती दाखवून शेवटी दिवा लावत असे. प्रेक्षकाने घरी काय नेले? दिवा विसरला, साडी तेवढी घेऊन आला. पुढे रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर' (१९८४), 'वीराना' (१९८८) यांनी शेवटचा दिवाही काढून टाकला. १९९३ चा 'झी हॉरर शो' आणि १९९५ चे 'आहट' यांनी तीच भीती थिएटरातून उचलून जेवणाच्या ताटासमोर आणून ठेवली. थिएटरातून माणूस बाहेर पडतो. घरातून बाहेर पडून जाणार कुठे?

कोकणच्या वाट्याला हे सारे 'रात्रीस खेळ चाले'च्या रूपाने आले. फेब्रुवारी २०१६ मध्ये झी मराठीवर ही मालिका सुरू झाली. कोकणातला वाडा, नाईकांचे कुटुंब, मालवणी बोली. कोकणची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते, अशी ओरड तेव्हा झाली. ती ओरड मला अर्धीच पटते. मालिकेतली बोली, माणसे, भाऊबंदकी, जमिनीचे वाद अस्सल होते आणि म्हणूनच ती लोकांना आपली वाटली. तक्रार वेगळी आहे. झाड, विहीर, देव्हारा, मागचे दार, गडीमाणूस अशी प्रत्येक वस्तू तिथे कशाची तरी खूण होते आणि त्या खुणेचा अर्थ शेवटपर्यंत पुढच्या भागावर ढकलला जातो. भीतीला कारण उरत नाही, फक्त वेळापत्रक उरते. २०१९ च्या दुसऱ्या पर्वात मात्र एक चमत्कार घडला. प्रेक्षकांच्या मनात भूत घर करून बसले नाही, जिवंत अण्णा नाईक बसला. जमीन बळकावणारा, बायकांवर नजर ठेवणारा, जिवावर उठणारा अण्णा. भीतीचे खरे घर त्या पर्वाला सापडले होते. पण तिसऱ्या पर्वात मेलेल्या अण्णाला आणि शेवंताला पुन्हा भूत करून आणले आणि सापडलेली वस्तू हरवली. भुतावर खटला भरता येत नाही, म्हणून जुलमी माणसाला भूत करणे सगळ्यांनाच सोयीचे पडते.

याच्या उलट उदाहरण 'तुंबाड'चे (२०१८). तुंबाड हे आपल्या खेड तालुक्यातले खरेखुरे गाव, श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) या कादंबरीने ते मराठी वाचकाच्या ओळखीचे केले. राही अनिल बर्वे यांच्या चित्रपटाने नाव तिथून घेतले, भीतीची प्रेरणा नारायण धारपांच्या कथेतून घेतली आणि स्वतंत्र गोष्ट रचली. सोन्याच्या मुद्रांसाठी विनायक पुन:पुन्हा त्या विहिरीसारख्या गर्भात उतरतो, मुलालाही उतरवतो. इथे हस्तर भयंकर आहे, पण त्याहून भयंकर विनायकाची हाव आहे. भुताला अर्थ आहे. म्हणूनच २०२४ च्या सप्टेंबरात चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा त्याने पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई केली. पण याच चित्रपटाने एक नवी समजूतही जन्माला घातली. हस्तर हा कोणत्याही पुराणात नाही. तो चित्रपटाने घडवलेला देव आहे. तरीही तो आपल्या प्राचीन कथांतला दडवलेला देव आहे असे मला शिकल्यासवरल्या लोकांनी छातीठोकपणे सांगितले आहे. 'प्राचीन समजूत' तयार व्हायला आता शतके लागत नाहीत, एक चांगला छायालेखक पुरतो.

आणि 'मुंज्या'. आदित्य सरपोतदार यांचा हा हिंदी चित्रपट जून २०२४ मध्ये आला आणि खूप चालला. कोकणातले भूत देशभर पोचले म्हणून आपल्याकडे कौतुक झाले. चित्रपटात एक चांगली गोष्ट आहे : मुलीच्या मनात काय आहे हे न विचारता तिच्याशी लग्नाचा हट्ट धरणारा पुरुषी बालिशपणा तिथे भुताचे रूप घेतो. हा अर्थ जुन्या मुंज्यात नव्हता, तो नवा आहे आणि दाद देण्यासारखा आहे. पण जुन्या मुंज्यातले दु:ख मात्र संगणकाने रंगवलेल्या चेहऱ्यात कुठे दिसत नाही. एक लहान मूल मेले होते, ही गोष्ट हसण्या-किंचाळण्यात हरवते.

माझे लक्ष मात्र दुसऱ्याच पात्राकडे गेले. भूत उतरवणाऱ्या बुवाचे नाव आहे एल्विस करीम प्रभाकर. सत्यराज यांनी ते मजेत केले आहे आणि थिएटरात हशा पिकला. मीही हसले. घरी येताना विचार करत राहिले. वाड्यात, वरातीत, नायकाच्या मित्रमंडळात करीम लक्षात राहील असा कुठे येत नाही. 'रात्रीस खेळ चाले'च्या गावातही लक्षात राहील असे एक मुसलमान घर मला आठवत नाही. दर्यावर जाणारा दालदी, आंब्याची कलमे राखणारा, आखातातून पैसे पाठवणारा कोकणी मुसलमान या भुताटकीच्या कोकणात राहतच नाही. पण भूत उतरवायची वेळ आली की नावाच्या मधोमध करीम हजर! सर्वधर्मसमभाव आता मांत्रिकाच्या पाटीवर तेवढा उरला आहे की काय? कोशात आपण भूत होतो, पडद्यावर भूत उतरवणारे झालो. यात माणूस होण्याची पायरी मधल्यामध्ये गाळली गेली.

नायक मुसलमान असला तरी फार वेगळे घडत नाही. २०२० च्या 'लक्ष्मी'मध्ये अक्षय कुमारने केलेला आसिफ हा अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारा, बुवांचे पितळ उघडे पाडणारा तरुण आहे. हिंदी पडद्यावर असा मुसलमान नायक पाहून मी सावरून बसले. पण पुढे त्याच आसिफला भूत धरते आणि त्याचे सगळे युक्तिवाद हास्यास्पद ठरतात. लोकप्रिय भयकथेची ही ठरलेली खोड आहे. तिला विवेकी माणूस लागतोच, पण हरवण्यासाठी. 'मी मानत नाही' म्हणणारा पहिल्या अर्ध्या तासात जितक्या जोरात बोलतो तितका दुसऱ्या तासात जोरात किंचाळतो. आरंभीच्या पाटीवर 'अंधश्रद्धा पसरवण्याचा हेतू नाही' असे लिहिलेले असते. कथेची सगळी ताकद मात्र त्या पाटीच्या विरुद्ध खर्च होते. पाटी दोन सेकंदांची, कथा दोन तासांची.

याचा अर्थ भुताखेतांच्या गोष्टी लिहूच नयेत, दाखवूच नयेत असा कोणी काढील तर तो मला मान्य नाही. मी ज्या भाषेतून शिकले तिच्यात 'तिलिस्म-ए-होशरुबा'सारखी अफाट दास्तान आहे. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिचे खंड छापले. तिच्यात जादूगार आहेत, देव आणि पऱ्या आहेत, आणि अमर ऐय्यारची ती झंबील आहे, जिच्यात सगळे जग मावते. आमची मुले अमर ऐय्यारच्या गोष्टी ऐकताना डोळे विस्फारतात आणि पोट धरून हसतात. १९९० च्या दशकात दूरदर्शनवर 'अलिफ लैला' लागत असे तेव्हा आम्ही होमवर्क टाकून टीव्हीपुढे बसत असू. त्या जिन्नामुळे कोणाच्या मुलीची शाळा सुटली नाही. दास्तानगो ऐकणाऱ्याला सांगत असतो की हे मी रचतो आहे, तू मजा घे. तिलिस्म शेवटी फोडायचाच असतो आणि तो अकलेने फोडायचा असतो. आमिलाचा तिलिस्म मात्र फुटू नये म्हणूनच बांधलेला असतो. कल्पनेची जादू आणि कमाईची जादू यांतला हा फरक समीक्षेने ठणकावून सांगायला हवा.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येते. माझा अकिदा आहे, आणि त्याच अकिद्यातून मला पुढच्या गोष्टी दिसतात.

सूरा सबामध्ये हजरत सुलैमानांच्या वफातीचा प्रसंग आहे. ते असा टेकून उभे होते आणि जिन्न त्यांच्या हुकमातली कष्टाची कामे करत होते. सुलैमानांचे प्राण गेले, पण जिन्नांना पत्ता लागला नाही. किड्याने असा आतून खाल्ला, देह कोसळला, तेव्हा कुठे त्यांना कळले. आणि हेही उघड झाले की त्यांना गैबचे ज्ञान नाही. डोळ्यांसमोरचा माणूस हयात आहे की नाही हे ज्यांना कळले नाही, ते जिन्न रत्नागिरीतल्या मुलीच्या मेंदूत काय चालले आहे हे आमिलाच्या कानात कसे सांगतील? आमिल 'माझा मुवक्किल सांगतो' म्हणतो तेव्हा तो अकिद्याच्या बाजूने बोलत नसतो, अकिद्याच्या विरुद्ध बोलत असतो.

हदीसमध्ये भविष्य सांगणाऱ्याकडे जाऊन विचारपूस करणाऱ्याची चाळीस रात्रींची नमाज कबूल होत नाही असे आले आहे. वाळवंटातल्या 'गूल' या भुताविषयीची अरबांची समजूतही हदीसने फेटाळली आहे. पैगंबरांचे लहानगे इब्राहिम वारले त्या दिवशी सूर्यग्रहण झाले. लोक म्हणू लागले की मुलाच्या मरणाने सूर्य काळवंडला. शोकात बुडालेल्या बापाला ही समजूत सुखावू शकली असती. पण कोणाच्या मरणाने किंवा जगण्याने सूर्य-चंद्राला ग्रहण लागत नाही, असे त्यांनी त्याच दिवशी स्पष्ट सांगितले. नवव्या शतकात अल-जाहिजने नोंदवले की निर्मनुष्य रानात एकटा पडलेला माणूस लहान वस्तू मोठी पाहू लागतो आणि नसलेले आवाज ऐकू लागतो. अकराव्या शतकात इब्न सीनाने झोपेत छातीवर कोणी बसल्यासारखे वाटण्याला, म्हणजे 'काबूस'ला, वैद्यकाच्या ग्रंथात रोग म्हणून जागा दिली. एकोणिसाव्या शतकात सर सय्यद अहमद खान यांनी जिन्नांचा अर्थ रानावनात राहणारी माणसे असा लावला. त्यांचा अर्थ बहुतेक उलमांनी स्वीकारला नाही आणि तो स्वीकारलाच पाहिजे असेही मी म्हणत नाही. पण विचार करण्याची वाट आपल्या घरातूनच जाते. ती परक्याच्या अंगणातून आणावी लागत नाही.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला. डिसेंबरात त्याचा कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा आता गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कायद्याखाली अगदी सुरुवातीला, सप्टेंबर २०१३ मध्ये, नांदेडला गुन्हा नोंदला गेला. कर्करोग, मधुमेह, एड्स बरे करतो असा दावा केल्याचा तो आरोप होता आणि आरोपी दोघेही मुसलमान होते. आपल्यातले काही जण तेव्हा म्हणाले, सुरुवात आमच्यापासूनच का? हा प्रश्न समजण्यासारखा आहे. ज्यांच्यावर संशय घेतला जातो त्यांना प्रत्येक गोष्टीत संशय दिसतो. पण त्या बुवाकडे औषधासाठी जाणारी माणसे कोण होती, हा प्रश्न आपण विचारला नाही. फसणाराही बहुधा आपलाच होता. मुंबईच्या लोकलच्या डब्यांत 'बाबा बंगाली'चे जे कागद चिकटवलेले असत, ते हसून सोडून द्यायला आपल्याला जमले, कारण आपल्याला त्याची गरज नव्हती.

याच कायद्याच्या अनुसूचीत साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला डॉक्टरकडे जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हाही गुन्हा आहे. कोकणात हे कलम पुस्तकी नाही. आपल्याकडचा लाल विंचू जीव घेतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखवले, 'लॅन्सेट'सारख्या वैद्यक नियतकालिकात लिहिले, आणि विंचूदंशाने होणारे मृत्यू झपाट्याने कमी झाले. साधी गोळी. पण ती वेळेत पोटात जायला हवी. विंचू उतरवणाऱ्याच्या अंगणात गेलेला एक तास कोणत्याही मंत्राने परत येत नाही. आपल्या या भागाचा चमत्कार कोणता म्हणून विचाराल, तर मी या गोळीचे नाव सांगेन. तिच्यावर मालिका मात्र कोणी काढली नाही.

त्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगते. आमिलाचा खर्च झेपेनासा झाला तेव्हा बापाने तिला डॉक्टरकडे नेले. मिरगी निघाली. गोळ्या सुरू झाल्या, फिट्स हळूहळू थांबल्या. एक वर्ष बुडाले, पण ती दहावी झाली. आई अजूनही म्हणते की गोळीने जिन्न पळाला. मी वाद घालत नाही. गोळी चुकवू नका, एवढेच सांगते. पळणारा जिन्न गोळीनेच पळत असेल तर त्याला रोज वेळेवर गोळी द्यायला काय हरकत आहे?

साहित्याचे काम याहून थोडे पुढचे आहे. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यानंतर आपल्या लिखाणात दंगल आली, तलाक आला, बेकारी आली, फाळणीचे ओझे आले. ते यायलाच हवे होते. त्याच्याही आधी चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी 'इंधन'मधून (१९६५) कोकणातला मुसलमान हाडामांसाचा माणूस म्हणून मराठीत उभा केला. दलवाईंच्या सामाजिक विचारांशी आपल्यातल्या कोणाचे कितीही मतभेद असोत, ही गोष्ट नाकारता येत नाही. पण नानीच्या विहिरीवरची रात्र, मगरीबनंतरचे ते चिंचेचे झाड, दर्यावर गेलेला बाप परत येईपर्यंत घरात पाळल्या जाणाऱ्या गोष्टी, हे सारे आपण लिहिले नाही. आपल्याला लाज वाटली. सुधारक हसतील, मौलवी रागावतील, म्हणून आपण तो खजिना आमिलाच्या आणि मालिकावाल्यांच्या हाती सोडून दिला. आपल्या आईच्या, नानीच्या भीतीमागे कोणते मरण होते हे आपण विचारले असते, तर कदाचित आपल्याला भूत सापडले नसते, एखादी बाळंतीण सापडली असती, जिला वेळेवर होडी मिळाली नाही.

यंदा मराठीच्या तासाला मी फळ्यावर 'खवीस' लिहिले. मुले खुदकन हसली. एकजण म्हणाला, "टीचर, ही तर गाली आहे." मी कोशातला अर्थ सांगितला तेव्हा वर्ग गप्प झाला. थोड्या वेळाने मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "मग टीचर, तो मेला कसा होता?"

इतकी वर्षे कोश चाळून मला जे विचारायचे सुचले नाही, ते तिला सुचले. मी मुलांना गृहपाठ दिला : त्या खवीसाची गोष्ट लिहून आणा, त्याचे नाव, त्याचा गाव, तो काय काम करत होता आणि कसा मेला, हे त्यात यायला हवे. उर्दू माध्यमाच्या मुलांच्या मराठीत शुद्धलेखनाच्या चुका असणारच. त्या मी तपासीन. पण खवीसाला माणूस करण्याचे काम एकदा सुरू झाले, की त्याचे गुण मी कापणार नाही.